तानूकाकूच्या शेवया

अमरावती, १८ फेब्रुवारी २०२५

तहसीन पोरी,

तुह्या तानूकाकूचा आशीर्वाद.

फोन लावला तं तू बोलते अन् मले कानात नुसतं घूंऽऽ आयकू येते. कुलदीपनं कानाचं मशीन आणून देलं, पण त्याच्यात पंखा, कुकर अन् माणसं सारे एकसंगं बोलतात. मंग ते डब्यात घालून ठेवलं अन् पेन हातात घेतला. चौथी पास बाईचं अक्षर आहे, सांभाळून घेजो.

जावईबापू गेल्याले सात महिने झाले. तवा मी तापानं पडली होती, कुलदीप एकलाच येऊन गेला. मले येता आलं नाही, ते अजून मनात टोचून राहिलं.

बरं, कामाचं लिवते. तुमचा रमजान लागायले आला असं पेपरात वाचलं. मागच्या सालचा बन्सी गहू मी वेगळा राखून ठेवला होता. तो ओलवला, दळून आणला, कपड्यातून चाळला. हर्षा म्हणते, आई, मशीनच्या शेवया पन्नास दुकानात भेटतात, तुमी काहून जिवाचे हाल करता? मी म्हटलं, सूनबाई, त्या घरी शेवया आपल्याच पाटावरच्या जातात. तुही माय हलीमाबी होती तवापासून जातात. ती गेली तवा मले वाटलं संपलं, पण तू होती. मंग तुह्या घरी जायले लागल्या.

आता गच्चीवर बाजेवर वाळून राहिल्या. हात अजून खणखणीत आहेत माहे. कुलदीप अकोल्याले जाईन त्याच्या हाती पाठवते. डबा रिकामा करून देजो, मागच्या साली तूच ठेवून घेतला.

तुही तानूकाकू


अकोला, २४ फेब्रुवारी २०२५

ती. तानूकाकूंस सलाम आणि नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "सिस्टर, हातानं लिहिलेलं पत्र आहे." त्यालाच जास्त आनंद झाला होता. अक्षर छान आहे तुमचं. दवाखान्यात एकतीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचली मी, मला कुणाचंही वाचता येतं.

काकू, यंदा शेवया पाठवू नका. फैजान पुण्याला बोलावतो आहे, ईद तिकडेच होईल. घराला कुलूप असेल. शिवाय तुम्ही दमता, या वयात हात दुखतात, मला बरं वाटत नाही. तुम्ही आठवण काढलीत यातच सगळं आलं.

त्या वेळी येता आलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. कुलदीप तीन दिवस राहिला होता. त्यानं काय काय धावपळ केली ते मी विसरणार नाही.

डबा देते पाठवून.

तुमची तहसीन


अमरावती, २ मार्च २०२५

तहसीन,

आज तुमचा पयला रोजा. आजच्या दिवशी रागानं लिवू नये, पण लिवते.

हात दुखतात हे तुले कोणं सांगतलं? हर्षानं सांगतलं का? मी सोता तं सांगतलं नाही. आता तू काढलंच आहे तं आयक. हात थरथरतात. मागच्या साली अर्ध्या शेवया हर्षानं ओढल्या, तिले जमत नाही तरी ओढल्या. त्या सुतळीसारख्या झाल्या होत्या हे मलेही दिसलं. तू फोनवर लय चांगल्या झाल्या म्हटलं, तवाच मले समजलं की नाही झाल्या. मंग सरळ सांग ना बाई, की काकू, जाड झाल्या, दुधात शिजत नाहीत. मी काय रुसणारी आहे?

अन् लेकाकडे जाऊन राहिली तं शेवया संगं नेता येत नाहीत का? शेवयाले वजन किती असते? पिशवीत चिमणी ठेवल्यासारखं. पुण्यात काय दूध नाही?

पन्नास सालात तुमच्या घरून पयल्यांदा "नको" आलं. हलीमाबीनं कधी म्हटलं नाही.

शेवया बाजेवरून काढून डब्यात भरल्या. कोठं पाठवायच्या ते तू सांगशीन तवा.

तानूकाकू


अकोला, ७ मार्च २०२५

ती. काकू,

"पिशवीत चिमणी" वाचलं आणि मी हसले. मग हसता हसता रडले, आणि मग ठरवलं की तुमच्याशी खोटं बोलायचं नाही.

मी पुण्याला जात नाहीये. फैजान येतो म्हणत होता, त्यालाही मीच नको म्हटलं. यंदा या घरात ईद करायचीच नाही असं मी ठरवलं होतं. शेवयांचा यात काहीच दोष नाही. मागच्या वर्षीच्या जाड होत्या, हे खरं आहे. अश्फाकनी त्या दोन कटोरे खाल्ल्या हेही खरं आहे. जाड आहेत म्हणून चावायला मजा येते म्हणाले.

तुम्हाला आमच्या रशीदा आपा माहीत नाहीत. माझी मोठी नणंद, अकोटला असतात. गेल्या महिन्यात येऊन सांगून गेल्या की, वर्षाच्या आत या घरात शीरखुर्मा शिजला तर लोक काय म्हणतील. खरं सांगू का, मला ते सोयीचंच वाटलं. दर ईदच्या आदल्या दिवशी अश्फाक अडकित्ता घेऊन बसायचे आणि भिजवलेल्या खारका कातरायचे. इतक्या बारीक, की मी म्हणायची, अहो, ऑपरेशन नाही चाललेलं. यंदा त्या खारका मी कातरायच्या, या विचारानं मी अडकित्ता कपाटात मागे सरकवून ठेवला होता. आपांनी नको म्हटलं, मी सुटले.

आता दुसरी गोष्ट. हिच्याबद्दल मी कुणाशीच बोलले नाही, यांच्याशीसुद्धा नाही.

मी दहा वर्षांची होते. आपण तेव्हा अंजनगावला होतो, तुमचं आणि आमचं अंगण शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. अम्मीचं ऑपरेशन होतं, ती अमरावतीच्या दवाखान्यात. अब्बा तिच्याजवळ. घरात मी, धाकटा अनीस आणि डोळ्यांनी अधू दादी. ईद आली. शेजारपाजारच्या घरांतून खमंग तुपाचा वास, आणि आमची चूल थंड. दादी अनीसला मांडीवर घेऊन बसली होती.

तेव्हा तुम्ही आलात. पदर खोचला, चूल पेटवली आणि आमच्या पतेल्यात शीरखुर्मा केलात. तुम्ही तो त्याआधी कधी केला नव्हता, हे मला दिसत होतं. अम्मी चुलीशी बसायची त्या जागी दुसरंच कुणी बसलंय, हे मला सहन झालं नाही. तुम्ही कटोरा भरून माझ्यासमोर धरलात आणि मी तो अंगणात भिरकावला. चाखलासुद्धा नाही. ओरडले, "ये हमारी ईद नहीं है!"

तुम्ही खाली वाकलात. तुकडे वेचलेत, पायाला लागू नयेत म्हणून झाडून घेतलंत आणि घरी गेलात. त्या दिवसानंतर तुम्ही आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाहीत. भिंतीपलीकडून बोलायचात, शेवया भिंतीवरून द्यायचात, पण आत कधी नाही. मी रोज वाट बघायची. मोठी झाले तसं नीट कळलं की मी काय केलं. पुढे दवाखान्यात परक्या बायकांची किती बाळंतपणं केली, किती जणींना हातानं पेज भरवली. प्रत्येक वेळी वाटायचं, आपण त्या कटोऱ्याची भरपाई करतोय.

दर वर्षी तुमच्या शेवयांचा डबा आला की मला आनंद व्हायचा आणि शरमही वाटायची. मला माफ करा, काकू. बावन्न वर्षं उशीर झाला.

तुमची तहसीन


अमरावती, १३ मार्च २०२५

तहसीन माय माही,

तुहं पत्र तीन डाव वाचलं. भिंग घेऊन वाचलं. हर्षा इचारत होती, आई, काय झालं, काहून रडता? मी म्हटलं, कांदा चिरून राहिली. हातात कांदा नव्हता.

वेडी आहेस तू. बावन्न साल! अगं, नवरा-बायकोही इतकं जुनं भांडण ठेवत नाहीत.

आता माहं आयक. तू चाखलं नाही ते बेस केलं. मी सोता चाखलं होतं. दूध फाटलं होतं पोरी! साखर तवा कार्डावर भेटे, घरात नव्हती. मी आपल्या घरून गूळ नेला अन् उकळत्या दुधात घातला. ते असं फाटलं, की वरतं पाणी अन् खालतं गोळे. अन् खारका भिजवा लागतात हे मले कोणं सांगतलं होतं? तशाच टाकल्या. दगड! अनीस बिचारा भुकेला होता, त्यानं ते पाणी पेलं अन् खारीक गालात धरून बसला. सणाच्या दिवशी दोन लेकरायले मी नासलेलं दूध वाढलं, याची मले इतकी लाज वाटे की इचारू नको. तुह्या हातून कटोरा फुटला तं मी मनात म्हटलं, देवा, सुटली.

तुमच्या घरात मंग काहून आली नाही, ते तुले आता सांगते. हलीमाबीले तेवढं माहीत होतं, बाकी कोणाले नाही. मी तुमच्या चुलीवर रांधलं अन् तिथंच चमचाभर तोंडात टाकलं, हे माह्या सासूले समजलं. तिनं मले पंधरा दिवस चुलीपाशी येऊ देलं नाही. ताट वेगळं, पाणी वरतून. पंधरा दिवस मले स्वयंपाकातून सुट्टी भेटली, त्याचं काही नाही. पण सोळाव्या दिवशी कुलदीपच्या डोक्यावर माहा हात ठेवून शपथ घ्यायले लावली, की त्या घराचा उंबरा चढणार नाही. तो तवा चार वर्षांचा. लेकराच्या डोक्यावरची शपथ कोणती माय मोडन?

पण शेवयाची शपथ घालायची ती इसरली. वाळलेल्या कच्च्या जिनसीले इटाळ नसतो म्हणे. मंग मी म्हटलं, ठीक आहे, जाईन ते वाळलेलंच जाईन. दर साली भिंतीवरून डबा देला. सासू पायत राहे, बोलू शकत नव्हती.

ती गेली, त्याच्या महिन्याभरानं मी तुह्या मायच्या चुलीपाशी जाऊन बसली. तू तवा नर्सच्या शिक्षणाले नागपूरले होती, म्हणून तुले माहीत नाही. हलीमाबीनं मले सारं शिकवलं. शेवया तुपात किती लाल करायच्या, दूध किती आटवायचं, चारोळी कवा घालायची. आमी दोघी लय हसलो त्या फाटलेल्या दुधावर.

अन् एक गोष्ट तू पार इसरलेली दिसते. दवाखान्यातून तुही माय घरी आली, तवा अंगणात बाज टाकून निजली होती. मी भिंतीच्या अलीकडे भांडे घासत होती. तिनं तुले इचारलं, ईदले काय खाल्लं गं? मी हात थांबवला. म्हटलं, आता ही पोरगी सांगते. अन् तू म्हणाली, "काकू ने बिलकुल आपके जैसा बनाया था, अम्मी."

तशी राखेच्या हातानं मी रडली. दहा वर्षांच्या लेकरानं माही लाज झाकली. तुले कटोरा आठवते, मले हे आठवते. माफी कोणं कोणाले मागायची मंग?

आता नीट आयक. ३० तारखेले पाडवा आहे. गुढी उभारून, पुरणाचा घास खाऊन मी कुलदीपच्या गाडीत बसते अन् तुह्याकडे येते. शेवया संगंच आणते. यंदाच्याही जाडच आहेत, पण आहेत. तुह्या ननंदेले जे बोलायचं ते बोलू दे, मले तसंही आयकू येत नाही. खारका मी कातरीन. हात थरथरतात, पण खारीक काय पळून जाते? फैजानले सांग, ये म्हणा.

येऊ का नको ते लवकर लिव. नको लिवलं तरी येणार आहे.

तुही तानूकाकू


अकोला, १९ मार्च २०२५

ती. काकू,

या.

पत्र पहाटे, सहरीच्या जेवणाआधी उठून पुन्हा एकदा वाचलं. मी अम्मीला तसं म्हणाले होते, हे मला खरंच आठवत नाही. कितीही आठवायचा प्रयत्न केला तरी कटोराच दिसतो. पण तुम्ही ऐकलंत म्हणता, म्हणजे म्हणाले असेन. शपथेचं तर मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दर वर्षी भिंतीवरून डबा घेताना मी खाली बघायची, म्हणून तुमचा चेहरा कधी पाहिलाच नाही.

फैजानला फोन केला. तो नुसता "खरंच, अम्मी?" म्हणाला. ३० तारखेला सकाळी बायको आणि पोरीला घेऊन येतोय. दूधवाल्याला पाच लिटर सांगितलं. कपाट आवरलं, मोठा पतेला खाली काढला.

तुमच्यासाठी पुढच्या खोलीत खाट टाकते, तिथे हवा चांगली येते. घरात जिने चढायचे नाहीत, काळजी नको. बीपीच्या गोळ्या विसरू नका, आणि कुलदीपला सांगा, गाडी हळू चालव.

साखर घरात भरपूर आहे.

तुमची तहसीन


अमरावती, ५ एप्रिल २०२५

तहसीन पोरी,

नीट पोचली. कुलदीप मले न्यायले आला तवा मी अजून दोन दिवस राहते म्हणत होती, पण त्यानं आयकलं नाही. घरी आल्यापासून हर्षाले तुह्या घरच्या गोष्टी सांगून सांगून तोंड दुखलं. ती म्हणते, पुढच्या साली मीही येते. मी म्हटलं, ये, पण शेवया बारीक ओढायले शिक आधी.

काय ते घर भरलं होतं गं! मी तं दाराजवळच्या खुर्चीत बसून नुसती पायत होती. कोण कोण आलं, किती लेकरं आले, सारे नवीन कपडे घालून. कोणी काय म्हटलं ते मले समजलं नाही, मी सगळ्यायले "या, बसा" म्हटलं. एक दाढीवाला बुढा माह्यापुढं हात जोडून काय काय बोलला, मी त्यालेही बसा म्हटलं. मले वाटलं होतं जावईबापूच्या आठवणीनं घर उदास असन. तसं नव्हतं. त्याचं नाव निघालं की लोक हसत होते, असं दिसलं मले.

तुही ननंद लय गोड बाई आहे. तू उगी घाबरत होती तिले. आल्या आल्या दारातच हात हालवून हालवून काही तरी बोलत होती. मले आयकू नाही आलं, पण तोंड पाहून समजलं, लांबून आली, भूक लागली असन. मंग पयला कटोरा तिलेच देला.

अन् दुपारी मी निजली तवा तू माहे पाय चेपून देले. अर्धा-पाऊण घंटा तरी चेपत होती. डोळे उघडायची ताकत नव्हती, पण हातावरून समजलं, नर्सचा हात आहे. इतकी दमलेली, सकाळपासून पायावर उभी, तरी बसली. देव तुहं भलं करो. माही पोटची लेक असती तं याहून काय जास्त केलं असतं?

डबा या डावही तूच ठेवून घेतला. राहू दे.

तुही तानूकाकू


अकोला, ११ एप्रिल २०२५

ती. काकू,

तुम्हाला ऐकू येत नव्हतं, म्हणून त्या दिवशी घरात काय काय बोललं गेलं ते लिहून कळवणं माझं काम आहे.

दाढीवाले चाचा अश्फाकचे जुने मित्र. ते तुम्हाला सांगत होते की, अश्फाक दर वर्षी तुमच्या शेवया त्यांच्याकडे वाटीभर घेऊन जायचे आणि म्हणायचे, माझ्या सासरहून आल्यात. मला हे आजवर माहीत नव्हतं. तुम्ही "बसा" म्हणालात, ते बसले आणि तीन वेळा मागून खाल्लं. लोक हसत होते तेही खरं. ऑपरेशनसारख्या खारका कातरणाऱ्या माणसाची गोष्ट मीच सांगितली होती. आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांचं नाव न रडता घेतलं.

आता रशीदा आपा. काकू, त्या भुकेल्या नव्हत्या. माझ्यावर बरसत होत्या. "पहली ईद है और तूने पतेला चढ़ाया? शर्म नहीं आई? लोग क्या कहेंगे?" मी मान खाली घालून उभी. फैजान मध्ये बोलणार, तेवढ्यात तुम्ही आतून कटोरा घेऊन आलात. "गरम आहे, बसून खाय," म्हणालात आणि खांद्याला धरून आपांना खुर्चीत बसवलंत. आपांना आजपर्यंत कुणी खांद्याला धरून बसवलेलं नाही. त्या इतक्या चकित झाल्या की तोंडातलं वाक्य अर्धंच राहिलं. तुम्ही समोर उभ्याच राहिलात, म्हणून त्यांना खावं लागलं. अर्धा कटोरा झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "सिवैयां मोटी हैं," आणि उरलेला संपवला.

दुपारी तुम्ही खाटेवर झोपलात. पाहुणे पांगले होते. आपांनी विचारलं, "ये बूढ़ी कौन है? इनके घरवालों ने आने दिया इन्हें?" मग मी सगळं सांगितलं. थंड चूल, फाटलेलं दूध, मी फेकलेला कटोरा. तुमचं वेगळं ताट, कुलदीपच्या डोक्यावरची शपथ, भिंतीवरून येणारा डबा. आपा ऐकत राहिल्या. सुनेनं चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

"पंद्रह दिन?" त्यांनी विचारलं.

"पंद्रह दिन," मी म्हटलं.

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "पंद्रह दिन?"

मग त्या उठल्या. मला वाटलं, निघाल्या अकोटला. पण त्या पुढच्या खोलीत गेल्या, तुमच्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या, तुमचं लुगडं घोट्यांवर नीट ओढून घेतलं आणि पाय दाबायला लागल्या. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात, खाली वाकता येत नाही, तरी बसल्या. तुम्ही झोपेतच म्हणालात, "तहसीन, पुरे पोरी." मी पुढे झाले. आपांनी मला हातानंच थांबवलं, ओठांवर बोट ठेवलं. दुपार कलून असरची अजान होईपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत.

मी नव्हते ती, काकू.

तुमची तहसीन